प्रयुक्त क्रमांक सात

प्रयुक्त क्रमांक सात. माझ्यावर ज्या माणसाचे सगळ्यात जास्त उपकार आहेत, त्या माणसाचं नाव मला एवढंच लिहिता येतं. खरं नाव मला पाठ आहे. आडनाव, गाव, घरासमोरचं फणसाचं झाड, सगळं डोळ्यांसमोर आहे. पण मानसशास्त्राच्या प्रयोगात जो माणूस बसतो त्याचं नाव बाहेर सांगायचं नसतं, आणि हा नियम मी वर्गात इतक्यांदा सांगितलाय की स्वतःच्या लेखात तो मोडायला हात धजत नाही. मी त्यांना ताई म्हणतो. इथंही ताईच म्हणेन.

पेठ वडगावला मी शिकवतो त्या वर्गाच्या खिडकीतून रस्ता दिसतो. जानेवारी संपत आला की त्या रस्त्यानं दिवसभर उसाच्या ट्रॉल्या जातात. ट्रॅक्टरवाल्यानं लावलेलं गाणं आधी ऐकू येतं, मग ट्रॅक्टर दिसतो. मी बोलता बोलता थांबतो आणि मागच्या बाकाखालचे पाय ठेका धरतात. वारा फिरला की जवळच्या गुऱ्हाळावरून उकळत्या रसाचा वास थेट फळ्यापर्यंत येतो. ह्याच दिवसांत पोरं-पोरी एकेक करून माझ्या टेबलापाशी येऊन उभी राहतात.

"सर, प्रयुक्त मिळंना."

ज्यांनी हा विषय घेतला नाही त्यांच्यासाठी सांगतो. आमच्या प्रात्यक्षिक परीक्षेला प्रत्येक विद्यार्थ्यानं एक माणूस बरोबर आणायचा असतो. परीक्षकासमोर त्या माणसावर प्रयोग करून दाखवायचा. त्या माणसाला म्हणायचं प्रयुक्त. हल्ली पुस्तकांत सहभागी असा शब्द आलाय आणि तो जास्त बरा आहे, पण आमच्याकडे अजून प्रयुक्तच चालतो. मग ऊसतोडीसारखीच माणसांची शोधाशोध सुरू होते. कुणी आत्तेभावाला आणतं, कुणी शेजारच्या काकूंना. एकीनं तर लग्न ठरत आलेल्या मुलालाच आणलं. स्मरणशक्तीच्या चाचणीत तो सपशेल आपटला. ती बाहेर आल्यावर मैत्रिणींना म्हणाली, "बघूया, अजून साखरपुडा व्हायचाय."

माझी पहिली प्रयुक्त माझी आई होती. मलकापूरच्या पुढे डोंगराच्या पोटाला आमची वस्ती. वडील रस्त्याच्या गँगवर कामाला. आमच्या वस्तीतून कॉलेजात गेलेला मी पहिला, त्यामुळे मी काय शिकतो ह्याची सगळ्यांनाच काळजी. "मानसशास्त्र म्हंजे येड्यांचं काय?" असं वडिलांनी एकदा विचारलं आणि मी नाही म्हटल्यावर ते थोडे नाराजच झाले, कारण येड्यांचा डॉक्टर ही गोष्ट निदान कुणाला सांगता आली असती. तर सुट्टीत मी आईला चुलीपुढं बसवून शब्दांची चाचणी घेतली. मी एक शब्द सांगायचा, ऐकल्याबरोबर मनात येईल तो शब्द तिनं सांगायचा.

मी म्हणालो, "पाणी."

आई म्हणाली, "भर."

"घर."

"सारव."

"लाकूड."

"फोड."

"शाळा."

"जा," आई म्हणाली. आणि मग, "तू गेलास की. झालं न्हवं?"

पुस्तकात उत्तरांचे गट दिले होते. आईची उत्तरं कुठल्याच गटात बसेनात. प्रत्येक शब्दापुढे तिला एक काम दिसत होतं.

मग कोल्हापूर आलं. एम.ए.चं दुसरं वर्ष, होस्टेलची खोली, थंडीतली सकाळ, रंकाळ्यावरून येणारी धुक्याची ओल आणि अंघोळीच्या गरम पाण्यासाठी लागलेली रांग. आमच्या इनामदार मॅडम शहरातल्या जुन्या शिक्षकांच्या घरातल्या. सुती साडी, हातात कापडी पिशवी, आणि बोलण्यात एक शब्द जास्त नाही. प्रबंधासाठी विषय निवडायची वेळ आली तेव्हा मी त्यांना म्हणालो, मला गटाच्या दबावाचा प्रयोग करायचाय. "का?" त्यांनी विचारलं. मी पुस्तकातलं कारण सांगितलं. खरं कारण वेगळं होतं आणि ते त्यांना कळलं असावं, कारण त्यांनी पुढं विचारलं नाही. सगळा वर्ग एक सांगत असताना आपल्याला दुसरंच दिसतं, आणि आपण गप्प बसतो, ही गोष्ट मला पुस्तकातून शिकावी लागली नव्हती.

प्रयोग साधा होता. एका कार्डावर एक रेघ. दुसऱ्या कार्डावर तीन रेघा. पहिलीच्या लांबीची ह्यातली कुठली, ते मोठ्यानं सांगायचं. लहान मूलही सांगेल. मेख अशी, की खोलीत बसलेले बाकीचे सगळे माझेच होस्टेलचे दोस्त, आणि ते ठरवून धडधडीत चुकीचं उत्तर देणार. प्रयुक्ताची पाळी सगळ्यांत शेवटी. आपले डोळे एक सांगतात आणि शेजारचे दुसरंच, तेव्हा माणूस काय करतो ते बघायचं. खरा हेतू आधी सांगितला तर प्रयोगच होत नाही. म्हणून आम्ही येणाऱ्याला सांगायचो, "नजरेची चाचणी आहे."

मॅडमनी एका अटीवर परवानगी दिली. "खोलीतून बाहेर पडण्याआधी प्रत्येकाला खरं काय ते सांगायचं. त्याला काही वाटलं असेल तर ते ऐकून घ्यायचं. त्याचे कागद परत हवे असतील तर द्यायचे." ह्याला आम्ही उलगडा म्हणतो.

दोस्तांना खोटं बोलायला शिकवणं हेच खरं अवघड काम होतं. संभा नावाचा माझा मित्र तालमीत वाढलेला, आवाज असा की शेजारच्या इमारतीतला माणूस ओ देईल. त्याला चुकीचं उत्तर देताना हसू यायचं. दोन संध्याकाळी सराव केला तेव्हा कुठं त्याचा चेहरा बसला. आणि पहिल्याच दिवशी पेठेतला एक पैलवान प्रयुक्त म्हणून आला. तिसऱ्या कार्डापर्यंत त्यानं सोसलं. मग उठलाच.

"आरं ए, जेवून आलायसा न्हवं समदी? ही रेघ हाय व्हय तिच्यासारखी?" त्यानं माझ्या हातातलं कार्ड घेतलं आणि संभाच्या नाकासमोर धरलं. "लाव बोट. लाव की!"

संभानं बोट लावलं. "व्हय की वो," तो म्हणाला, "चुकलंच."

प्रयोगाचं जे व्हायचं ते झालं, पण खोली इतकी हसली की खालून शिपाई बघायला आला. कोल्हापुरात हा प्रयोग होणं नाही, असं मला त्या दिवशी वाटलं.

मग एका शनिवारी ताई आल्या. गगनबावड्याच्या बाजूच्या. बी.ए.च्या पहिल्या वर्षाला होत्या आणि पोलीस भरतीची तयारी करत होत्या. पायात पळायचे बूट, त्यांना मैदानाची लाल माती. पहिल्या कार्डांना त्यांनी बरोबर उत्तरं दिली, पण दर वेळी आवाज थोडा खाली जात होता. मग त्यांनी ओढणीच्या टोकानं डोळे पुसले. पुढं वाकून बघितलं. शेजारच्यांकडं बघितलं. आणि मग बाकीचे जे म्हणाले तेच त्या म्हणायला लागल्या, शेवटपर्यंत. मी कागदावर खुणा करत होतो. असा स्पष्ट निकाल मला पहिल्यांदाच मिळत होता, आणि खरं सांगायचं तर मला आनंद झाला होता. संभा मात्र मान खाली घालून स्वतःच्या गुडघ्यांकडं बघत उत्तरं देत होता.

"झालं न्हवं दादा? एसटी चुकंल माझी."

"ताई, दोन मिनिटं बसा. थोडं सांगायचं राहिलंय."

"सोमवारी येतो की!" आणि त्या गेल्या. भरतीसाठी पळणारी मुलगी. मी दारात पोचेपर्यंत त्या जिना उतरून फाटकाबाहेर होत्या.

संध्याकाळी मॅडमनी विचारलं, "सगळ्यांचा उलगडा झाला?"

"एक राहिलाय मॅडम. सोमवारी करतो. प्रयोग तर पूर्ण झालाय."

मॅडम पिशवीत पुस्तकं भरत होत्या. त्या थांबल्या. "तुझा झालाय. तिचा अजून चालू आहे. तो ती घरी घेऊन गेलीय."

सोमवारी ताई आल्या नाहीत. मंगळवारीही नाहीत. त्यांच्या खोलीतली मैत्रीण म्हणाली, "ती गावाकडंच ऱ्हायली. भरती सोडली म्हनं तिनं. डोळ्यांत काय तरी निघालंय." मैदानी चाचणी पंधरा दिवसांवर आली होती. ताईंच्या गावी जातो, असं मी मॅडमना सांगायला गेलो. त्यांनी फक्त विचारलं, "कार्डं बरोबर नेशील ना?"

रंकाळा स्टँडवर संभा आधीच येऊन उभा होता. "मी बी येतो," तो म्हणाला. "लबाड मी बी बोललोय."

तो प्रवास माझ्या अंगात अजून आहे. एसटीच्या खिडकीची हलणारी काच. पुढं उसाची ट्रॉली, तिच्यामागं आमची गाडी, आणि ट्रॉलीतून रस्त्यावर पडलेली कांडी उचलायला पळणारी शाळेतली पोरं. कळे गावाच्या पुढं डोंगर जवळ येत गेले आणि हवा पातळ, गार होत गेली. पावसाळ्यात ज्या गावांतून धो धो पाण्याशिवाय काही दिसत नाही, ती थंडीच्या उन्हात धुवून वाळत घातल्यासारखी दिसत होती. संभा एरवी कंडक्टरशीही वाद घालणारा, त्या दिवशी त्यानं सांगितले तेवढे पैसे मोजून दिले.

घर सापडलं. ताईंचे वडील अंगणात पेंढी बांधत होते. "या पावणं," म्हणाले. पाण्याचा तांब्या आला, गुळाचा खडा आला. "कॉलेजचं हाईसा? बरं झालं आलासा. तिच्या डोळ्यांचं तुमास्नी कळलंच असंल."

ताई दाराच्या आत उभ्या होत्या. त्यांच्या आईच बोलल्या. "समद्यास्नी दिसतंय आनि हिलाच दिसंना, म्हंजे दोष कुनाचा? डॉक्टरकडं चल म्हनलं तर न्हाय म्हंत्या. एकदा कागदावर आलं की संपलं, म्हंत्या. बूट दिलं चुलतबहिणीला."

मी सांगायला सुरुवात केली. कार्डं, खुर्च्या, दोस्त, ठरवून दिलेली उत्तरं. सांगताना शब्द फार पुस्तकी होत होते, म्हणून पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. आई ऐकत होत्या.

"म्हंजे तुमी समदी मिळून तिला लबाड बोललासा?"

"व्हय मावशी," संभा म्हणाला.

"ठरवून?"

"ठरवून."

"आनि ह्येला मार्क मिळत्यात?"

संभानं माझ्याकडं बोट केलं. "ह्येला मिळत्यात. मला नुसता चहा मिळाला."

वडील हसले. आई हसल्या नाहीत. ताईही नाहीत. त्या उंबऱ्यापाशी आल्या आणि म्हणाल्या, "दादा, तुमी माझ्या समाधानासाठी बोलताय. एवढ्या लांब आलासा, उपकार झाले. पण ऱ्हाऊ द्या."

शनिवारी सरळ चेहऱ्यानं खोटं बोललेला माणूस आज खरं बोलतोय, हे त्यांनी कशावरून मानायचं? चांगल्या हेतूनं का होईना, आपण एकदा खोटं बोललो की नंतरच्या खऱ्यालाही तोच वास लागतो. पुस्तकात उलगड्याला एक परिच्छेद दिला होता. त्यात हे अंगण नव्हतं.

मी कार्डं जमिनीवर मांडली. वडील वाकून म्हणाले, "ही मधली." आई म्हणाल्या, "मधलीच की." ताई म्हणाल्या, "तुमी माझ्या बाजूनंच बोलनार." आता सगळे खरं बोलत होते आणि तरी त्यांना ते पटत नव्हतं, कारण गेल्या वेळीही सगळे एकच बोलत होते.

मग त्या घरात गेल्या. कोपऱ्यातल्या खराट्याची एक काडी ओढून घेऊन बाहेर आल्या. उकिडव्या बसल्या. पहिल्या रेघेवर काडी ठेवली, नखानं दाबून बरोबर तेवढीच मोडली. ती उचलून दुसऱ्या कार्डावर ठेवली. डावी रेघ. मधली. उजवी. मग पुढचं कार्ड, नवी काडी. कोंबड्या पेंढ्यात चाळवाचाळव करत होत्या. सगळी कार्डं संपेपर्यंत त्यांनी मान वर केली नाही.

"म्हंजे मला पयल्यापासनं बराबर दिसत हुतं."

"व्हय ताई."

"मंग मी तुमच्यासारखं का बोललो?"

"तेच शोधायचं होतं आम्हाला," मी म्हणालो.

"मंग मला इचारायचं की. मी सांगितलं असतं." त्यांनी काड्या मुठीत गोळा केल्या. "मला वाटलं, शहरातली शिकलेली पोरं. त्यास्नी कसं चुकंल?"

मी मलकापूरच्या पुढच्या वस्तीतला मुलगा. माझ्याकडं कुणी शहरातला शिकलेला म्हणून बघेल आणि त्यापायी स्वतःच्या डोळ्यांवर अविश्वास धरेल, हे माझ्या स्वप्नातही नव्हतं. शाळेत असताना मी ज्या खुर्चीत बसायचो, त्या खुर्चीत ह्या बसल्या होत्या. समोर मी होतो.

आईंनी कुंपणापाशी जाऊन हाक मारली. "ए, तिचं बूट आन गं म्हागारी!"

निघताना ताई रस्त्यापर्यंत आल्या. "दादा, माझी उत्तरं त्यातनं काढा," म्हणाल्या. माझा सगळ्यात स्पष्ट निकाल तो. त्याच्याशिवाय प्रबंधात पैलवानाचा दंगा तेवढा उरत होता. तरी संमतीपत्रावर, केव्हाही माघार घेता येईल, हे वाक्य मीच स्वतःच्या अक्षरात लिहिलं होतं. "काढतो," म्हणालो. परतीच्या एसटीत संभानं विचारलं, "आता तुझं काय?" मी म्हणालो, माहीत नाही. आणि गंमत म्हणजे त्या थंडगार गाडीत मला फार दिवसांनी मोकळं वाटत होतं. संभा बसल्या बसल्या झोपला आणि घोरायला लागला. शेजारच्या म्हाताऱ्या बाईंनी त्याला कोपर मारलं.

मॅडमनी मला नवं प्रकरण लिहायला लावलं. ताईंची उत्तरं त्यात नव्हती. खोटं सांगून केलेला प्रयोग संपतो कुठं, ह्यावर ते होतं. बाहेरचे परीक्षक तोंडी परीक्षेत पानं उलटत म्हणाले, "सहानंतर एकदम आठ? सातवा कुठाय?"

"सर, त्यांनी परत घेतलाय."

परीक्षकांनी मॅडमकडं बघितलं. मॅडम खिडकीबाहेर बघत होत्या, पण त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू मला दिसत होतं. मी पास झालो.

आता माझ्या वर्गात एक नियम आहे. उलगडा झाल्याशिवाय प्रयुक्ताला उठू द्यायचं नाही, आणि त्याला घाई असेल तर त्या दिवशी प्रयोगच करायचा नाही. "पहिल्यांदा त्याच्या एसटीची वेळ विचारा," असं मी सांगतो आणि पोरं हसतात. टेबलाच्या ड्रॉवरमध्ये खराट्याच्या काड्यांची एक जुडी असते. ती कशाला, असं दरवर्षी कुणीतरी विचारतं. मी म्हणतो, माझ्यावर विश्वास बसला नाही तर मोजून बघायला.

ताई त्या वर्षी भरती झाल्या नाहीत. पळण्यात थोडक्यात गेलं. त्याच्या पुढच्या वर्षी झाल्या, हे मला कुणाकडून तरी कळलं होतं. भेट मात्र मागच्या महिन्यात झाली. मी वडिलांना गाडीवर मागं बसवून फुलेवाडीकडून येत होतो. नाकाबंदी होती. एका पोलीस बाईंनी हात केला.

"हेल्मेट कुठाय?"

मी पुटपुटायला लागलो. त्या बघत राहिल्या आणि मग हसल्या. "दादा, तुमीच व्हय! नंबर प्लेट मी पार त्या वळणावरनंच वाचली. नजर चांगली हाय माझी."

वडिलांनी मागून विचारलं, "कोन रं ह्या?"

"ह्यांनी मला शिकवलंय," मी म्हणालो.

वडील गाडीवरून उतरले. पोलिसापुढं ते एरवी उभे राहत नाहीत. त्यांनी हात जोडले, "जय भीम, बाई." ताईंनीही हात जोडले, म्हाताऱ्याची विचारपूस केली, उसाच्या ट्रॉल्यांपासून जपून जा म्हणाल्या. दंड मात्र केलाच.

त्या भेटीनंतर हा लेख लिहिला, आणि छापायला देण्याआधी त्यांना पत्र पाठवलं. ते असं:

ताई,
सप्रेम जय भीम.

त्या दिवशी रस्त्यात नीट बोलता आलं नाही. मी तुमच्याबद्दल एक लेख लिहिलाय. सोबत जोडला आहे. तुमचं नाव, गाव त्यात नाही. तरी तो छापायचा की नाही हे तुम्ही ठरवायचं आहे. ह्या वेळी मी सगळं आधी सांगतोय. लेखाचा हेतू एवढाच, की तुमच्यामुळे मी काय शिकलो ते लोकांना सांगावं. ह्याच्यामागं दुसरं काही नाही. खोलीत माझे दोस्तही बसलेले नाहीत.

माझे शब्द कुठं चुकले असतील तर सांगा. एखादा प्रसंग काढायचा असेल तर काढतो. नको म्हणालात तर कारण विचारणार नाही. आज हो म्हणून नंतर मन बदललं, तरी चालेल.

उत्तराची घाई करू नका. घरच्यांना वाचून दाखवा, ठाण्यातल्या मैत्रिणींना दाखवा, पण शेवटी ते काय म्हणतात ते मला कळवू नका. तुम्हाला काय दिसलं ते कळवा.

आईंना नमस्कार सांगा. त्यांनी विचारलेल्या मार्कांचं उत्तर मी अजून देऊ शकलेलो नाही.

मी लिहिलंय ते खरं आहे, पण माझ्या शब्दावर जाऊ नका. पाकिटात खराट्याची एक काडी ठेवली आहे.

तुमचा,
प्रयोगकर्ता